पैनगंगेच्या अलीकडचा कायदा

गुरुजी : वकीलसाहेब, तुम्ही कोर्टात उठून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचे दाखले देता याचं मला नवल वाटतं. मुंबई-पुण्याच्या वकिलाने दिले तर समजू शकतो, तिथे इंग्रजांचं राज्य होतं. हिंगोलीत कधी होतं? आपण निजामाची रयत. इथे पलटण होती, रिसाला होता, तोफखाना होता, पेन्शनपुरा होता. ही वस्त्यांची नावं अजून आपल्या तोंडी आहेत. पण ती फौज हैदराबाद कंटिन्जंटची. खर्च निजामाच्या माथी, अंमलदार गोरे. १९०३ साली तीही मोडली. रयतेचा न्याय उर्दूतून चालायचा आणि अपिलांची वाट हैदराबादेत संपायची. गंमत अशी की हे तुमच्या प्रिव्ही कौन्सिलनेच सांगून ठेवलंय. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर निजामाच्या रेल्वेच्या स्टेशनात मोहम्मद युसुफुद्दीन नावाच्या माणसाला पकडलं. १८९७ साली लंडनने ठरवलं की ती अटक बेकायदा. रेल्वेच्या कामापुरता अधिकार मिळाला म्हणून तो मुलूख काही इंग्रजांचा झाला नाही. जे कोर्ट स्वतःच म्हणतं की इथे आमचं चालत नाही, त्याची वाक्यं तुम्ही इथे वाचून दाखवता.

वकील : गुरुजी, लंडनचे दाखले इथे लागू नाहीत हे सांगायला तुम्हाला लंडनचाच दाखला काढावा लागला, एवढं नोंदवून ठेवतो. कायद्याचं उत्तर सरळ आहे. राज्यघटनेच्या कलम ३७४ ने संस्थानांतली शेवटच्या अपिलाची मंडळं बंद झाली आणि त्यांच्यापुढची प्रकरणं सुप्रीम कोर्टाकडे गेली. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून आपण मुंबई हायकोर्टाखाली आलो, १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ बसलं. सुप्रीम कोर्टाने वेगळं सांगेपर्यंत जुना प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा मुंबईत जेवढा चालतो तेवढाच हिंगोलीत. पण तुमचा प्रश्न अंमलाचा नाही, आपलेपणाचा आहे. त्याचं उत्तर पैनगंगेवर मिळतं. नदी ओलांडली की वऱ्हाड. १८५३ पासून तिथे कारभार इंग्रजांचा आणि मालकी नावापुरती निजामाची. आपल्या सोयरिकी दोन्ही काठांना. एका भावाची जमीन कळमनुरीकडे, दुसऱ्याची पुसदकडे. एकाच घराच्या वाटणीला दोन सरकारं, पण दोन्हीकडची कोर्टं हिंदू घराचा वारसा ठरवताना धर्मशास्त्रच उघडत होती. आणि कुठलं धर्मशास्त्र? मिताक्षरा विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. ते कल्याणी, आजचं बसवकल्याण, आपल्याच हैदराबाद संस्थानात. व्यवहारमयूख लिहिणाऱ्या नीलकंठ भट्टाचं घराणं मूळ पैठणचं. मुंबई हायकोर्टाचा हिंदू कायदा ज्या दोन ग्रंथांवर उभा आहे, त्यांची मुळं मराठवाड्याच्या मातीत आणि तिच्या लगत आहेत. मग परकं कोण?

गुरुजी : मुळं इथली, हे मान्य. पण भट्टांचं घराणं काशीला गेलं, मयूख तिथे लिहिला गेला, इंग्रजांनी तो भाषांतरातून वाचला, लंडनमध्ये त्याचा अर्थ लागला आणि तो अर्थ आपल्याकडे परत आला. इतक्या फेऱ्यांत ग्रंथ तोच राहील, त्याचा वापर तोच राहत नाही. दत्तकाचंच घ्या. गावात दत्तक म्हणजे भाऊबंद, पाटील, जोशी, चार म्हातारी माणसं आणि सुपारी. कोण बसलं, कोण रुसलं, कोणाला काय देऊन समजावलं, हे सगळं त्यातच आलं. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या हुकुमावरून स्टील साहेबाने दख्खनच्या जातीजातींचे रिवाज गोळा करून १८२७ साली छापले. ते चाळले तरी दिसतं की रिवाज गावागणिक आणि जातीगणिक वाकतो. कोर्टाला वाकणारं काही चालत नाही, त्याला एक नियम हवा. १८६८ साली मुंबईने रखमाबाई विरुद्ध राधाबाईत सांगितलं की महाराष्ट्रातली विधवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेऊ शकते. ठीक. १८७९ साली रामजी विरुद्ध घमाऊमध्ये तेच कोर्ट म्हणालं की नवरा एकत्र कुटुंबात वारला असेल तर त्याची परवानगी किंवा भाऊबंदांची संमती पाहिजे. म्हणजे ज्या दिराला दत्तकामुळे वाटणी द्यावी लागणार, त्यालाच विचारायचं. १९३२ साली भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडामध्ये प्रिव्ही कौन्सिल म्हणालं की रामजीचा निवाडाच चुकीचा होता. या त्रेपन्न वर्षांत ज्या बायांनी दिराचा नकार ऐकून मुकाट्याने दोन वेळच्या भाकरीवर दिवस काढले, त्यांच्या संसाराचं अपील कुठे करायचं?

वकील : कुठेच नाही. हे मी नाकारत नाही. पण त्या बायांना दिराने नकार दिला होता, आणि दिराच्या नकाराला गावात काय उत्तर होतं? तुमच्या चार म्हाताऱ्या माणसांत किती विधवा बसत होत्या? कोर्टाची पायरी ही त्या काळात बाईला पुरुषांच्या बैठकीबाहेर मिळालेली एक जागा होती. ती महाग होती, दूर होती, परक्या भाषेत होती, तरी होती. गंगाबाईचं प्रकरण बघा. तिचा मुलगा केशव १९१७ साली लग्नाआधीच वारला. वतनाची जमीन जवळचा वारस म्हणून भाऊबंदांत शंकरकडे गेली. १९३० साली गंगाबाईने अनंतला दत्तक घेतलं. मधली तेरा वर्षं त्या जमिनीवर हक्क शंकरचा होता. १९४३ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की दत्तकाचा हक्क मागे जातो, शंकरने जमीन सोडावी. गावाने हा निकाल दिला असता?

गुरुजी : दिला नसता, आणि त्याला कारण होतं. ज्याने बांध घातले, विहीर खणली, सारा भरला, त्याच्या पायाखालची जमीन एका सुपारीने काढायची? गावाने अनंतला चार एकर दिले असते, शंकरला चार ठेवले असते आणि गंगाबाईला दोघांनी धान्य घालायचं ठरवलं असतं. कोर्टाला मधलं काही दिसत नाही.

वकील : तुमचं ते मधलं गंगाबाईच्या हयातीपर्यंत टिकलं असतं, पुढे नाही. पण शंकरची बाजू अगदीच पोकळ नव्हती, म्हणूनच १९५६ च्या दत्तक कायद्यात कलम १२ आलं. दत्तकाआधी ज्याच्या नावावर इस्टेट पक्की झाली, त्याच्याकडून दत्तकाला ती काढता येणार नाही. निवाड्याने नियम टोकाला नेला, टोक सगळ्यांना दिसलं आणि कायदेमंडळाने ते छाटलं. गावातली तडजोड कोणाला दिसत नाही, म्हणून ती सुधारताही येत नाही. आता एक रोजची गोष्ट सांगतो. रजिस्ट्री ऑफिसबाहेर दस्तलेखक खरेदीखत लिहितो तेव्हा जमिनीच्या चतु:सीमा लिहायच्या आधी विकणाऱ्याला विचारतो, पैसे कशाला पाहिजेत? आणि लिहितो : मुलीचे लग्न, दवाखाना, सोसायटीचे कर्ज व इतर कौटुंबिक अडचणीकरिता. त्या ओळीमागे १८५६ चा हनुमानप्रसाद पांडेचा निवाडा आहे. अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या आईने इस्टेट गहाण टाकली होती. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की दुसऱ्याच्या वाट्याची मिळकत अशी गुंतवायची तर खरी गरज पाहिजे, आणि पैसे देणाऱ्याने त्या गरजेची वाजवी चौकशी केलेली पाहिजे. दारुड्या बापाने वडिलार्जित जमीन फुंकली तर पोराला आज दावा लावता येतो तो याच आधारावर.

गुरुजी : आणि ती ओळ खोटी असते.

वकील : पुष्कळदा.

गुरुजी : पुष्कळदा काय, दस्तलेखकाला ती पाठ असते. मुलगी दोन वर्षांची असली तरी तिचं लग्न लिहिलं जातं. माझं म्हणणं इथे येऊन थांबतं, वकीलसाहेब, आणि मला ते दत्तकापेक्षा मोठं वाटतं. न्यायाधीशाने १८५६ साली एक शहाणी गोष्ट सांगितली : गरज आहे का ते पाहा. पुढे लोकांनी काय केलं? गरज पाहिली नाही, गरजेची ओळ लिहिली. कोर्ट जे मागतं ते जगात असो नसो, कागदावर तयार होतं. निवाडा जितका जुना आणि जितका छापील, तितका तो कागद तयार करणं सोपं, कारण काय लिहायचं ते सगळ्यांना माहीत झालेलं असतं. दिवाणीत यामुळे जमीन जाते. फौजदारीत माणूस जातो. तुमचा तो पंचनामा आठवा.

वकील : मेमोरंडम पंचनामा. आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, कुऱ्हाड आखाड्यावर कडब्याच्या गंजीत लपवली आहे, चला दाखवतो. मग सगळे जीपमधून निघतात. आरोपी पुढे, पंच मागे, पोलीस बाजूला. गंजीतून कुऱ्हाड निघते, कागदात गुंडाळून लाखेचं सील लागतं आणि पंचांच्या सह्या होतात. पुरावा कायद्याचं जुनं कलम २७. १ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या पोटात गेलंय. पण तुम्हाला वाटतं तसं हे पोलिसांसाठी केलेलं कलम नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येणार नाही हा मूळ नियम. देशी पोलीस, परकं सरकार, आणि तरी सरकारनेच लिहून ठेवलं की आमच्या पोलिसाचा भरवसा धरू नका. २७ हा त्याला अपवाद, आणि त्या अपवादालाही पुलुकुरी कोट्टयाच्या खटल्यात वेसण घातली गेली. गुंटूर जिल्ह्यातल्या दोन गटांचा झगडा, भाल्याने झालेले खून. १९४६ च्या डिसेंबरात सर जॉन ब्यूमाँट यांनी निकाल दिला. त्याआधी ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी सांगितलं की आरोपीच्या बोलण्यातलं 'लपवला आहे, दाखवतो' एवढंच घ्या. 'ज्याने मी त्याला भोसकलं' हे शब्द गाळा. भाला सापडला याचा अर्थ तो कुठे होता हे आरोपीला ठाऊक होतं, एवढाच. त्या एका परिच्छेदाने किती जणांच्या गळ्यातला दोर सोडवला असेल.

गुरुजी : दाखवून देण्याचा हा खेळ हिंगोलीने फार आधी पाहिलाय. मेडोज टेलर कंटिन्जंटमध्ये इथे होता. १८३९ साली त्याची ठगाच्या कबुलीची कादंबरी लंडनला निघाली, तिच्या प्रस्तावनेत छावणीची हकीकत आहे. हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी. साहेब लोक त्याच्याशी व्यवहार करायचे, टेलरनेही केला होता. त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईहून कापड आणायचा परवाना घेतला, वाटेत कापडाच्या खऱ्या मालकाला नोकरांसकट मारलं आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघड विकला. बाजारात माणसं मारली आणि पहाऱ्याच्या रांगेपासून पाचशे यार्डांच्या आत पुरली. मग माफीचे साक्षीदार पुढे झाले आणि एकेक थडगं दाखवत गेले. ती उकरताना टेलर हजर होता. आता कायदा काय म्हणत होता ते बघा. १८३६ चा तिसावा कायदा : कोणीही, कायदा होण्याआधी की नंतर, कंपनीच्या मुलखात की मुलखाबाहेर, ठगांच्या टोळीत होता असं सिद्ध झालं की जन्मठेप. कुणाला मारलं हे दाखवायची गरज नाही. आम्ही निजामाचे होतो म्हणून कंपनीच्या कायद्याबाहेर, आणि ठगाच्या बाबतीत मात्र हद्द पुसलेली. हरीसिंगची मला कणव नाही. पण साक्षीदाराने बोट दाखवलं म्हणून ज्यांच्यावर टोळीचा शिक्का बसला, त्यांतले सगळेच हरीसिंग होते का? थडगं खरं होतं. शेजारी उभा असलेला माणूस ठग होता, हे मात्र बोट दाखवणाऱ्याच्या शब्दावर.

वकील : तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. १८३६ साली टोळीचं नाव पुरत होतं. १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेत पोलिसापुढचा कबुलीजबाब बाद झाला, १८७२ च्या पुरावा कायद्यात तो नियम पक्का झाला, १९४६ साली अपवादही आवळला गेला. शंभर वर्षांत कायदा बोट दाखवणाऱ्यावर कमी आणि सापडलेल्या वस्तूवर जास्त विसंबू लागला. याला प्रगती म्हणू नये?

गुरुजी : म्हणा. पण वस्तूवर विसंबायचं ठरलं की वस्तू सापडू लागतात. कडब्याच्या गंजी आपल्याकडे काही कमी नाहीत. आणि पंच कोण? नेहमीचेच. पुढे कोर्टात तेच पंच फितूर होतात; तुम्ही उलटतपासात त्यांना विचारता की सही कुठे केली, तर ते म्हणतात ठाण्यात. ब्यूमाँटचा परिच्छेद वाचायला उत्तम, पण आज पंचनामा लिहिणाऱ्यालाही तो पाठ आहे. त्यामुळे 'ज्याने मारलं' हे शब्द तो आता लिहीतच नाही. ज्या शब्दांवरून पूर्वी कळायचं की जबाब घडवलाय, तेच आता मिळत नाहीत.

वकील : हे कडू आहे, पण खोटं नाही. तरी एक प्रकरण तुमच्यापुढे ठेवतो, त्याचं काय करायचं सांगा. महाडचं चवदार तळं. १९२७ च्या डिसेंबरात नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी बाबासाहेबांवर दावा लावला : तळं आमच्या वहिवाटीचं, अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही हा अनादि रिवाज. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला, पण कोर्ट सोडलं नाही. दहा वर्षं लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी वादींचं अपील फेटाळलं. का? तुम्ही आत्ता ज्याला नावं ठेवली त्याच मागणीमुळे. कोर्ट म्हणालं, अनादि म्हणता ना, मग पुरावा द्या. आणि शतकानुशतकं ज्यांनी पुराव्याशिवाय हुकूम चालवला होता, त्यांना तो देता आला नाही. तळं निघालं नगरपालिकेच्या ताब्यातलं. गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांनी हा प्रश्न महाडच्या वैद्यांना कधी विचारला असता?

गुरुजी : कधीच नाही. इथे मी गावाची बाजू घेणार नाही. पण निकाल शेवटपर्यंत वाचलात ना? त्यात म्हटलंय की वादींनी रिवाज सिद्ध केला असता तर तो अवाजवी आहे का, लोकहिताच्या विरुद्ध आहे का, हे कदाचित पाहावं लागलं असतं. कदाचित. म्हणजे माणसाला पाण्यापासून हाकलणं वाईट आहे असं कोर्टाने म्हटलंच नाही. हाकलण्याची वहिवाट पुरेशी जुनी असल्याचं दिसत नाही, एवढंच म्हटलं. वैद्यांकडे शंभर वर्षांचे जास्तीचे कागद असते तर?

वकील : तर काय झालं असतं मला माहीत नाही. बाबासाहेबांनाही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो प्रश्न पुढच्या न्यायाधीशावर सोडला नाही. घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट अशी नावं घेऊन लिहिलंय. घटनेसारख्या ग्रंथात इतक्या बारीक वस्तू कशाला, असं लोकांना वाटतं. ज्याने दहा वर्षं एका तळ्याचा दावा लढवला त्याला त्या तिथे का हव्यात हे कळत होतं. निवाडा जिथे अडला तिथून घटना पुढे निघाली. निवाडा नसता तर कुठे अडतो तेही दिसलं नसतं.

गुरुजी : नवऱ्याने नांदायला चल म्हणून कोर्टात ओढलेल्या त्या दुसऱ्या रखमाबाईच्या वेळी मात्र अडलेलं दिसूनही कोणी पुढे सरकलं नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे म्हणाले की जी बाई नवऱ्याकडे कधी नांदलीच नाही तिला बळेच पाठवायला मला ना हिंदू कायद्यात आधार सापडत ना इंग्रजी. पुढच्याच वर्षी अपिलात ते उलटलं, १८८७ साली फॅरन साहेबांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंग. शेवटी दोन हजार रुपयांवर मिटलं आणि ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. नांदायला लावण्याचा इंग्लंडच्या धर्मपीठांचा तो उपाय आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून १९५५ साली आपणच लिहून घेतला. राज्य आपलं, संसद आपली. इथे इंग्रजाला दोष देता येत नाही.

वकील : कलम ९ च्या अर्ज्या मीही केल्यात. बहुतेक वेळा नांदवायचं नसतंच. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून ती नोटीस जाते. तुमच्या हिशोबात हाही तयार केलेला कागदच.

गुरुजी : तुम्हीच म्हणालात. आता मूळ मुद्द्यावर येतो. निवाडे हवेत, हे तुम्ही मला महाडवरून पटवलंत. पण कोणाचे? मुंबईचे निवाडे इंग्रजीत छापले गेले, त्यांच्या जाड पुस्तकांच्या रांगा लागल्या, म्हणून ते कायदा झाले. हैदराबादच्या कोर्टांनीही निवाडे दिले. दक्कन लॉ रिपोर्टमध्ये ते उर्दूत छापलेही जायचे. कळमनुरीच्या, वसमतच्या, औंढ्याच्या विधवेचं काय झालं ते शोधायचं तर तिथे. तुम्ही कधी उघडलंत?

वकील : नाही. जमिनीच्या दाव्यात मुंतखब आला, सेतवार आला, जुना उर्दू दस्त आला की वाचून देणारे एक मौलवी गाठतो. पत्रकातला एखादा रकाना तेवढा वाचून घेतो, निवाडा नाही. कुळाच्या भानगडींत आजही १९५० चा हैदराबाद कूळ कायदाच लागू होतो, खासरा पत्रकाशिवाय आमचं पान हलत नाही. पण दाखला म्हणाल तर मुंबईचा नाहीतर दिल्लीचा. सोपं पडतं. न्यायाधीशांनाही.

गुरुजी : म्हणजे जिथे आपलं राज्य वेगळं होतं तिथला कागद चालतो, तिथलं डोकं चालत नाही.

वकील : असं म्हणू नका. कदाचित त्यांचं डोकंही आमच्यासारखंच चाललं असेल. हैदराबादचे वकील मुंबई-मद्रासचे रिपोर्ट वाचत नव्हते असं थोडंच आहे? उद्या ते उर्दू निवाडे मी वाचून घेतले आणि वसमतच्या विधवेच्या दत्तकाला निजामाच्या न्यायाधीशाने रखमाबाई विरुद्ध राधाबाईचाच आधार दिलेला निघाला, तर मग तुम्ही काय म्हणाल? कोणी लादलेला नसताना त्यांनी तो घेतला, असंच ना?

गुरुजी : एवढ्यावरून म्हणणार नाही. आधी बघेन की तो दाखला पहिल्यांदा पुढे कोणी केला. न्यायाधीशाने स्वतःहून, विधवेच्या वकिलाने, की दिराच्या.